वर्तमानपत्र वाचता येते, पण रस्ता ओलांडता येत नाही : पुनर्वसनाची सुरुवात कोठून करावी?

कण्हेरमाळ

नमस्कार. माझे यजमान ४६ वर्षांचे असून एका जिल्हा परिषदेत वरिष्ठ सहायक आहेत. त्यांना रेटिनायटिस पिगमेंटोसा हा डोळ्याच्या पडद्याचा आनुवंशिक विकार आहे. तरुणपणी त्रास फक्त रात्री दिसण्याचा होता, त्यामुळे आम्ही फारसे मनावर घेतले नाही. गेल्या काही वर्षांत मात्र बाजूची नजर आकसत गेली आणि अलीकडच्या दृष्टिक्षेत्र तपासणीत (डोळा न हलवता किती रुंद दिसते त्याची मोजणी) दोन्ही डोळ्यांचे क्षेत्र १० अंशांच्या आत आले आहे. समोरची नजर चष्म्यासह ६/१२ आहे, म्हणजे निरोगी नजरेला १२ मीटरवरून वाचता येणारे अक्षर ते ६ मीटरवरून वाचतात. ते वर्तमानपत्र वाचतात, कार्यालयातील टिपण्या तपासतात, पण वाटेतली बादली, पायरीची कड किंवा बाजूने येणारी दुचाकी त्यांना दिसत नाही. नळीतून पाहावे तसे दिसते, असे ते सांगतात.

रुग्णालयात आम्हाला एवढेच सांगितले की यावर उपचार नाहीत, सहा महिन्यांनी दाखवा. पुढे काय करायचे हे कोणी सांगितले नाही. दुचाकी त्यांनी संध्याकाळी चालवणे सोडले आहे, दिवसा अजून जवळपास नेतात. पांढऱ्या काठीचे नाव काढले तरी ते चिडतात. ‘वाचणाऱ्या माणसाने काठी घेतली तर लोक मला ढोंगी म्हणतील,’ असे त्यांचे म्हणणे आहे. कार्यालयातील एका हितचिंतकाने स्वेच्छानिवृत्ती घेण्याचा सल्ला दिला आहे. एका विक्रेत्याने कॅमेरा असलेला बोलका चष्मा दाखवला असून त्याची किंमत आमच्या दोन महिन्यांच्या पगाराएवढी आहे. तो घ्यावा का? संगणकावर मराठी काम बोलत्या प्रणालीने खरोखर होते का? नोकरी सोडावी लागेल का?

आणखी एक गोष्ट आहे, जी मी अजून डॉक्टरांनाही सांगितलेली नाही. कधी कधी त्यांना भिंतीवर जाळीसारखी नक्षी किंवा अनोळखी चेहरे दिसतात. ते खरे नाहीत हे त्यांना कळते, पण मला फार भीती वाटते. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

सांजवाट

ताई, मलाही हाच विकार आहे आणि मी महाविद्यालयात शिकवतो. तुमच्या पत्रात चष्मा, संगणक आणि नोकरी यांविषयी थेट प्रश्न आहेत, काठीचा उल्लेख मात्र केवळ तक्रारीच्या ओघात आला आहे. माझ्या मते सुरुवात तेथूनच व्हायला हवी, कारण तुमच्या यजमानांचे वाचन अजून शाबूत आहे आणि मोडले आहे ते चालणे.

क्षेत्र आकसलेला माणूस काठीशिवाय चालतो तेव्हा त्याची सगळी उरलेली नजर पायाखाली खर्च होते. पुढच्या पावलापाशी खड्डा आहे की गटाराचे उघडे तोंड, हे पाहण्यात तो इतका गुंतलेला असतो की समोरून ओळखीचा माणूस हसत गेला तरी त्याला कळत नाही, आणि मग ‘साहेब हल्ली ओळख दाखवत नाहीत’ अशी कुजबुज होते. काठीने जमिनीची जबाबदारी घेतली की मान वर होते. दुकानाची पाटी, बसचा फलक, समोरचा चेहरा, हे सगळे त्या लहानशा वर्तुळात नीट दिसू शकते; फक्त नजर तिकडे न्यायला मोकळी हवी. काठी पूर्ण अंध व्यक्तीसाठीच असते हा समज डोळस लोकांत आहेच, पण अंशतः दिसणाऱ्यांत तो अधिक घट्ट बसलेला असतो.

काठी विकत आणून हातात देणे म्हणजे प्रशिक्षण नव्हे. या विषयाला स्थितिज्ञान व चलनवलन (आपण कोठे आहोत हे ओळखणे आणि सुरक्षित चालणे) म्हणतात आणि तो प्रशिक्षकाकडूनच शिकावा. उभे राहिल्यावर काठीचे वरचे टोक साधारणपणे छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या टोकापर्यंत यावे. त्याहून आखूड काठीने अडथळा कळेपर्यंत पाऊल पडलेले असते. मूळ पद्धत अशी आहे की काठीचे टोक खांद्यांच्या रुंदीपेक्षा किंचित जास्त कमानीत डावीकडून उजवीकडे फिरते आणि डावे पाऊल पुढे पडत असताना टोक उजवीकडे टेकते, म्हणजे पुढचे पाऊल जेथे पडणार ती जागा आधीच तपासलेली असते. दुसऱ्या पद्धतीत टोक जमिनीवरून न उचलता सरकवत नेतात. आपल्याकडच्या उखडलेल्या फरशांवर आणि पायरी कोठे संपते याचा भरवसा नसलेल्या पदपथांवर मला ती अधिक उपयोगी वाटते, मात्र त्यासाठी काठीला फिरते टोक हवे.

काठीला काय कळत नाही, हेही सांगतो. कमरेच्या वरचे अडथळे तिच्या कक्षेत येत नाहीत. उघडी ठेवलेली खिडकीची झडप, उभ्या टेम्पोचा बाहेर आलेला माल, रस्त्यावर झुकलेली फांदी, यांपासून वाचण्यासाठी हात कपाळासमोर आडवा धरण्याची रीत शिकवतात. याच अडचणीसाठी दिल्लीच्या आयआयटीत स्मार्टकेन तयार झाली आणि २०१४ मध्ये ती लोकांसमोर आली. काठीच्या मुठीवर बसणारे हे उपकरण कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी सोडते आणि गुडघ्यापासून डोक्यापर्यंतच्या उंचीचा अडथळा सुमारे तीन मीटरपर्यंत आला की कंपनाने कळवते. वस्तू चांगली आहे, पण साध्या काठीचा हात बसल्यावरच घ्यावी. हात बसलेला नसताना कंपने म्हणजे नुसता गोंधळ होतो.

सुरुवात अंधार पडल्यावरच्या वेळेपासून करावी, असे मी सुचवेन. रात्री त्यांना तसेही दिसत नाही, म्हणून तेव्हा काठी घेणे मनाला कमी टोचते, आणि परक्या गल्लीत केले तर ओळखीचे डोळेही नसतात. घडीची काठी पिशवीत राहते, हाही एक दिलासा असतो.

तोवर घरच्यांनी काय करावे? बरोबर चालताना तुम्ही त्यांचा दंड धरून त्यांना ढकलत नेऊ नका. त्यांनी तुमचा कोपर धरावा आणि अर्धे पाऊल मागे चालावे, म्हणजे पायरी आली हे तुमच्या शरीराच्या हालचालीवरूनच त्यांना समजते. घरातील दारे एक तर पूर्ण उघडी किंवा पूर्ण बंद असावीत. अर्धवट उघड्या दाराची कड थेट कपाळावर येते. पायऱ्यांच्या कडांवर फरशीच्या रंगाहून अगदी वेगळ्या रंगाची पट्टी लावावी. काळ्या कडप्प्यावर पिवळी पट्टी उठून दिसते. बादली आणि केरसुणी यांना ठरलेली जागा द्यावी आणि ती घरातल्या प्रत्येकाने पाळावी. ही शेवटची गोष्ट सर्वांत अवघड आहे, हे मी स्वानुभवाने सांगू शकतो.

प्रशिक्षणासाठी नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड, म्हणजे नॅब, या संस्थेकडे चौकशी करावी. ही संस्था १९५२ पासून मुंबईत काम करते आणि महाराष्ट्रात तिच्या अनेक शाखा आहेत. पुण्यात पूना ब्लाइंड मेन्स असोसिएशन आहे. डेहराडूनच्या दृष्टिबाधितांसाठीच्या राष्ट्रीय संस्थेत प्रौढांसाठी स्वतंत्र प्रशिक्षण केंद्र १९५० पासून आहे. त्या संस्थेचे मूळ दुसऱ्या महायुद्धात दृष्टी गमावलेल्या भारतीय सैनिकांसाठी १९४३ मध्ये सुरू झालेल्या वसतिगृहात आहे. तेथे जाऊन राहणे नोकरदार माणसाला जमेलच असे नाही, म्हणून आधी जवळची शाखा गाठावी. मात्र चौकशी करताना ‘प्रौढ वयात दृष्टी गेलेल्यांना चलनवलन शिकवणारे प्रशिक्षक आहेत का’ असा नेमका प्रश्न विचारा. काही ठिकाणी भर शालेय मुलांवर असतो आणि चौकशीला गेलेल्या प्रौढाला खुर्ची विणणे किंवा मेणबत्त्या करणे सुचवले जाते.

निवृत्त_आस्थापना

मी आस्थापना शाखेत नोकरी करून निवृत्त झालो आहे, म्हणून फक्त नोकरीपुरते लिहितो. ताई, स्वेच्छानिवृत्तीच्या अर्जावर सही करू देऊ नका. सल्ला देणाऱ्याचा हेतू चांगला असेल, पण कायदा त्याच्या माहितीत नसावा.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आहे. त्याच्या कलम २० च्या चौथ्या पोटकलमानुसार, सेवेत असताना दिव्यांगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला कोणत्याही शासकीय आस्थापनेने सेवेतून दूर करू नये किंवा त्याला खालच्या पदावर आणू नये. तो त्याच्या पदाचे काम करू शकत नसेल, तर त्याच वेतनश्रेणीत आणि त्याच सेवालाभांसह दुसऱ्या पदावर त्याला न्यावे, आणि असे पद नसेल तर योग्य पद मिळेपर्यंत किंवा निवृत्तीच्या वयापर्यंत, यांपैकी जे आधी घडेल तोवर, अधिसंख्य (मंजूर पदांव्यतिरिक्त जादा निर्माण केलेल्या) पदावर ठेवावे. शासकीय आस्थापनेच्या व्याख्येत स्थानिक प्राधिकरणे येतात, म्हणजे जिल्हा परिषदही येते. केवळ दिव्यांगत्वाच्या कारणावरून पदोन्नती नाकारता येत नाही, हे त्याच कलमात आहे. हे संरक्षण नवे नाही. १९९५ च्या कायद्यात कलम ४७ मध्ये ते होते आणि सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये कुणाल सिंग यांच्या प्रकरणात असे म्हटले की कर्मचाऱ्याला अशक्ततेचे निवृत्तिवेतन देऊ केले म्हणून हे संरक्षण संपत नाही. परंतु जो स्वतःच्या अर्जाने बाहेर पडतो, त्याची बाजू आपोआप दुबळी होते.

आता दिव्यांगत्व प्रमाणपत्राविषयी, कारण सगळे त्यावर उभे आहे. तुमचे यजमान म्हणतात की वाचणाऱ्याला अंध कोण म्हणेल? कायदा म्हणतो. अधिनियमाच्या अनुसूचीत अंधत्वाची व्याख्या केवळ तक्त्यावरील अक्षरे वाचण्यावर ठरवलेली नाही. चांगल्या डोळ्याची नजर उत्तम चष्म्यासह ३/६० पेक्षा कमी असणे हा एक निकष आहे आणि दृष्टिक्षेत्र १० अंशांपेक्षा कमी असणे हा स्वतंत्र निकष आहे. क्षेत्र ४० अंशांपेक्षा कमी व १० अंशांपर्यंत असेल तर ते अल्पदृष्टीत मोडते. तेव्हा ६/१२ नजर असूनही त्यांचा अहवाल अंधत्वाच्या वर्गात बसू शकतो. अडचण एवढीच येते की तपासणीच्या दिवशी गर्दीत फक्त तक्ता वाचून घेतला जातो, आणि वाचणारा माणूस दिव्यांगत्वाची किरकोळ टक्केवारी घेऊन घरी येतो. म्हणून दृष्टिक्षेत्र तपासणीचा मूळ आलेख व त्याची प्रत बरोबर न्या, आणि अर्जातच तिचा उल्लेख करा.

अर्ज स्वावलंबन या केंद्रीय संकेतस्थळावर होतो आणि वैश्विक ओळखपत्र मिळते. ४० टक्क्यांखाली पांढरे, ४० ते ८० टक्क्यांच्या आत पिवळे आणि ८० टक्के व त्यावर निळे कार्ड असते. बहुतेक लाभांसाठी ४० टक्के ही किमान मर्यादा आहे. प्रमाणपत्र कायमस्वरूपी आहे की ठरावीक मुदतीचे, ही नोंद तेथेच वाचून घ्या, नंतर दुरुस्तीसाठी हेलपाटे पडतात. प्रमाणपत्र मिळाल्यावर वाढीव वाहतूक भत्ता आणि व्यवसाय करातील सूट यांसाठी कार्यालयात अर्ज करावा. आयकरात दिव्यांग व्यक्तीला ७५,००० रुपयांची आणि ८० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असल्यास १,२५,००० रुपयांची वजावट आहे, परंतु ती जुन्या करप्रणालीतच मिळते. नवी प्रणाली निवडलेली असेल तर दोन्हींचा हिशेब करून पाहावा.

अल्पदृष्टी_कक्ष

मी नेत्ररुग्णालयाच्या अल्पदृष्टी विभागात काम करते. भिंतीवरील नक्षी आणि चेहऱ्यांविषयी आधी लिहिते, कारण ती भीती सर्वांत जड असणार.

दृष्टी कमी झालेल्या व्यक्तींना असे भास होऊ शकतात आणि त्याला शार्ल बोने सिंड्रोम म्हणतात. स्वित्झर्लंडच्या शार्ल बोने यांनी १७६० मध्ये आपल्या मोतीबिंदू झालेल्या आजोबांना दिसणाऱ्या आकृतींचे वर्णन केले, म्हणून त्यांचे नाव दिले गेले. डोळ्याकडून येणारी माहिती घटली की मेंदूचा पाहण्याचा भाग स्वतःच चित्रे उभी करू लागतो. भास फक्त दिसतात, बोलत नाहीत, आणि ते खरे नाहीत हे त्या व्यक्तीला ठाऊक असते. तुमच्या वर्णनात हे लक्षण स्पष्ट आहे. हा मानसिक आजार नव्हे. तरीही डॉक्टरांना सांगाच, कारण काही औषधांमुळे किंवा मेंदूच्या इतर आजारांमुळेही भास होतात आणि ती शक्यता तपासून बाजूला ठेवावी लागते. भास सुरू झाल्यावर खोलीतला उजेड बदलणे किंवा नजर भराभर डावी-उजवीकडे फिरवणे, यांचा अनेकांना उपयोग होतो. त्यांना एकट्याने हे लपवावे लागू नये, एवढे घरात नक्की करा. वेड लागले असे कोणी म्हणेल या धास्तीने कित्येक जण वर्षानुवर्षे गप्प राहतात.

‘उपचार नाहीत’ हे वाक्य अर्धे खरे आहे. मूळ विकार थांबवता येत नाही, पण या रुग्णांमध्ये भिंगाच्या मागच्या पृष्ठभागावर मोतीबिंदू लवकर धरतो आणि पडद्याच्या मध्यभागी सूजही येऊ शकते. या दोन्हींवर उपचार असतात. मधली नजर हीच त्यांची उरलेली ठेव असल्याने पडद्याचे स्कॅन नियमित व्हायला हवे.

आता चष्म्याबाबत. १० अंशांचे क्षेत्र म्हणजे नेमके किती, हे मोजून पाहा. हातभर अंतरावर, म्हणजे साठ सेंटिमीटरवर, ते सुमारे दहा सेंटिमीटर रुंद असते. वर्तमानपत्राचा एक रकाना त्यात आरामात बसतो. तीन मीटरवर ते जेमतेम अर्धा मीटर होते, म्हणजे समोर उभ्या माणसाच्या खांद्यांएवढे, आणि त्याच्या शेजारी उभी असलेली सायकल त्यातून पूर्ण वगळली जाते. विक्रेत्याचा बोलका चष्मा छापील मजकूर वाचून दाखवतो, आणि वाचन ही तुमच्या घरातली अडचणच नाही. तो आज घेऊ नका. याच कारणाने मोठी भिंगे आणि पडद्यावर अक्षरे खूप मोठी करणे त्यांना उलट त्रासाचे होईल, कारण अक्षर जितके मोठे तितकी कमी अक्षरे क्षेत्रात मावतात आणि ओळ हातची सुटते. त्यांना हवा आहे तो ठळक रंगभेद, चांगला पण डोळ्यांवर न येणारा उजेड, आणि उन्हासाठी पिवळट-तांबूस काचांचा चष्मा व टोपी. उन्हातून अंधाऱ्या जिन्यात शिरताना क्षणभर थांबण्याची सवयही लावावी, कारण त्यांच्या डोळ्यांना जुळवून घ्यायला फार वेळ लागतो.

दुचाकी मात्र दिवसाही बंद करावी लागेल. यात सवलत देता येत नाही.

मुलांची डोळ्यांची तपासणी करून घ्या. कुटुंबात नात्यात लग्न झाले असेल, जसे आपल्याकडे मामाच्या मुलीशी होते, तर तेही डॉक्टरांना सांगा, कारण विकाराच्या काही प्रकारांत त्याने धोका वाढतो. जनुकीय उपचारांच्या जाहिराती तुमच्यापर्यंत येतीलच. अमेरिकेत २०१७ मध्ये मान्यता मिळालेला उपचार फक्त आरपीई-६५ या एका जनुकातील दोषासाठी आहे. जनुकीय चाचणी न करता ‘नजर परत आणतो’ म्हणणाऱ्याकडे, मग तो मूळपेशींचे इंजेक्शन देत असो किंवा काढा, जाऊ नये.

कळफलक

मी जन्मापासून अंध आहे आणि दृष्टिबाधितांना संगणक शिकवतो. कण्हेरमाळ ताई, मराठी काम बोलत्या प्रणालीने होते. हे उत्तरही मी तशाच प्रणालीने लिहीत आहे.

एनव्हीडीए ही विंडोजवरची पडदावाचक प्रणाली, म्हणजे संगणकाच्या पडद्यावरील मजकूर बोलून दाखवणारी प्रणाली, विनामूल्य आहे. ऑस्ट्रेलियातील मायकेल करन या स्वतः अंध असलेल्या तरुणाने २००६ मध्ये ती लिहायला घेतली. तिच्यासोबत येणाऱ्या आवाजात मराठी आहे. आवाज यांत्रिक वाटतो आणि पहिल्या आठवड्यात नकोसा होतो, पण वेग वाढवल्यावर तोच सर्वांत कामाचा ठरतो. जॉज ही दुसरी प्रणाली विकत घ्यावी लागते, तिची सुरुवातीला गरज नाही. मोबाइलवर अँड्रॉइडमध्ये टॉकबॅक आधीपासून असते. आवाजाची दोन्ही बटणे काही सेकंद एकत्र दाबली की चालू-बंद होते, पण त्याआधी सेटिंग्जमध्ये एकदा ती सोय सुरू करावी लागते.

तुमच्या यजमानांकडे एक मोठे भांडवल असण्याची शक्यता आहे. लिपिकवर्गातून वर आले असतील तर त्यांनी मराठी टंकलेखनाची परीक्षा दिलेली असणार. कळफलकाकडे न पाहता टंकलेखन येणारा माणूस पडदावाचक प्रणाली झपाट्याने शिकतो, कारण तिच्यात माऊस नसतो. सगळे काम कळांनी होते. दिसत असतानाच शिकायला लागावे, आणि सरावाच्या वेळी संगणकाचा पडदा बंद ठेवावा. डोळे उपलब्ध असले की कान आळशी होतात.

खरी अडचण प्रणालीत नसून आपल्या कार्यालयांच्या सवयीत आहे. श्रीलिपी, कृतिदेव अशा जुन्या टंकांत (फॉन्टमध्ये) तयार केलेली फाईल पडद्यावर मराठी दिसते, पण आत साठवलेली असतात रोमन अक्षरे, त्यामुळे पडदावाचक निरर्थक इंग्रजी बडबडू लागतो. युनिकोडमधील, म्हणजे देवनागरी अक्षरे देवनागरी म्हणूनच साठवणाऱ्या पद्धतीतील, फाईल तो नीट वाचतो. जुन्या फाईली रूपांतरित करण्याची साधने आहेत, मात्र जोडाक्षरे आणि रफार तपासून घ्यावे लागतात. दुसरी अडचण स्कॅन केलेल्या परिपत्रकांची आहे. सही-शिक्क्याचा कागद स्कॅन करून पाठवला की तो प्रणालीच्या लेखी एक चित्र असते. गुगल लेन्स किंवा गुगल ड्राइव्हमधून त्यातील देवनागरी मजकूर बाहेर काढता येतो, परंतु गोपनीय टिपणी अशा सेवेवर चढवू नये. निवृत्त_आस्थापना यांनी सांगितलेल्या अर्जातच ‘मला परिपत्रके युनिकोड मजकुराच्या स्वरूपात मिळावीत’ ही मागणी घालावी. तिला खर्च काहीच नाही आणि बाकीच्या कर्मचाऱ्यांचेही भलेच होईल.

पैशांच्या व्यवहारासाठी रिझर्व्ह बँकेचे ‘मणी’ हे ॲप १ जानेवारी २०२० पासून उपलब्ध आहे. नोटेवर कॅमेरा धरला की ते रक्कम सांगते आणि इंटरनेटशिवाय चालते. मला स्वतःला बोटांवर अधिक विश्वास आहे. नव्या १०० च्या नोटेच्या कडांवर चार उठावदार रेघा असतात, २०० च्या नोटेवर चार रेघा व मध्ये दोन वर्तुळे, आणि ५०० च्या नोटेवर पाच रेघा. नोट मळली की रेघा पुसट होतात आणि लांबीतला फरक १०० व २०० मध्ये अवघा चार मिलिमीटर आहे, तेव्हा ‘सगळे सोपे केले आहे’ असे कोणी म्हणू नये. बँकेत कोणी धनादेशपुस्तिका किंवा एटीएम कार्ड द्यायला नकार दिला, तर रिझर्व्ह बँकेच्या सूचना दाखवाव्यात. अंध ग्राहकाला या सोयी नाकारू नयेत असे तिने ४ जून २००८ च्या परिपत्रकातच स्पष्ट केले होते.

पुस्तकांसाठी ‘सुगम्य पुस्तकालय’ हे ऑनलाइन ग्रंथालय ऑगस्ट २०१६ मध्ये सुरू झाले आहे. मुंबईत सेंट झेवियर्स महाविद्यालयातील दृष्टिबाधितांसाठीचे साधनकेंद्र २००३ पासून काम करते, त्यांच्याकडेही चौकशी करता येईल.

ब्रेल शिकावे का, असा प्रश्न पुढे येईलच. माझे उत्तर होय असे आहे. पुस्तके वाचण्यासाठी नव्हे; औषधाच्या डब्या, फाईलींची पाठ, उद्वाहनातील बटणे यांच्यासाठी.

सांजवाट

कळफलक यांच्याशी ब्रेलबाबत माझा मतभेद आहे. चाळिशीनंतर बोटांना ती सूक्ष्मता यायला फार काळ लागतो, आणि मधली नजर असलेल्या माणसावर आत्ताच तो भार टाकला तर काठी आणि संगणक दोन्ही मागे पडतील. डब्यांना वेगवेगळ्या संख्येने रबर लावले तरी काम भागते.

कळफलक

रबर निसटते. तरीही क्रम म्हणून तुमचे म्हणणे मान्य आहे. ब्रेल काठीनंतर आणि संगणकानंतर.

कण्हेरमाळ

सर्वांचे मनापासून आभार. भासांविषयीचा मजकूर मी त्यांना वाचून दाखवला. आपल्याला वेड लागत आहे असे त्यांनाही मनातून वाटत होते, हे त्यांनी पहिल्यांदाच बोलून दाखवले. दुचाकीची किल्ली त्यांनी मुलाकडे दिली आहे, थोड्या रागानेच. काठीला होकार अजून नाही, पण ‘अंधारात, दुसऱ्या भागात’ या कल्पनेला नकारही नाही.

दोन शंका आहेत. पांढऱ्या काठीला खाली लाल पट्टा असतो, तो वेगळा अर्थ दाखवतो का? आणि प्रमाणपत्र हाती येण्यास वेळ लागणार असेल, तर कार्यालयात तोपर्यंत काहीच कळवू नये का? त्यांच्याकडे सध्या क्षेत्रभेटीचे काम दिले जाण्याची शक्यता आहे.

सांजवाट

आपल्याकडे सर्रास मिळणाऱ्या घडीच्या काठीला खालच्या भागात लाल रंग असतो. तो उठून दिसण्यासाठी आहे आणि अंशतः दिसणाऱ्यांनीही तीच वापरावी. काही देशांत लाल-पांढऱ्या पट्ट्यांची काठी दृष्टी व श्रवण दोन्ही बाधित असलेल्या व्यक्तीची खूण मानतात, ती काठी वेगळी. खरेदी करताना त्यांच्या उंचीची मागावी, दुकानदाराकडे उरलेली नव्हे, आणि सुटी टोके दोन-तीन जास्तीची घ्यावीत. आपल्या रस्त्यांवर ती लवकर झिजतात.

निवृत्त_आस्थापना

प्रमाणपत्राची वाट पाहत थांबू नका. नेत्रतज्ज्ञांचा अहवाल व दृष्टिक्षेत्राचा आलेख जोडून कार्यालयप्रमुखांच्या नावे आजच अर्ज द्यावा. त्यात विकाराचे नाव, क्षेत्र १० अंशांच्या आत असल्याचा उल्लेख, दिव्यांगत्व प्रमाणपत्रासाठी अर्ज केल्याचा क्रमांक, आणि क्षेत्रभेटीऐवजी कार्यालयीन काम देण्याची, सायंकाळी उशिरापर्यंत न थांबवण्याची व पडदावाचक प्रणाली संगणकावर बसवू देण्याची विनंती एवढेच असावे. ‘मी काम करण्यास असमर्थ आहे’ असे वाक्य चुकूनही लिहू नये. ‘या सोयी मिळाल्यास मी माझ्या पदाचे काम करू शकतो’ असे लिहावे, कारण कायद्यात वाजवी सोयी देण्याचे बंधन आस्थापनेवर आहे. अधिनियमाच्या कलम २३ नुसार प्रत्येक शासकीय आस्थापनेने तक्रार निवारण अधिकारी नेमायचा असतो, त्यांना अर्जाची प्रत द्यावी. आवक क्रमांक व तारखेसह पोच घ्यावी. अर्जाला उत्तर आले नाही, किंवा तोंडी नकार मिळाला, तर पुण्यातील दिव्यांग कल्याण आयुक्तालयाकडे त्याच पोचेच्या प्रतीसह जाता येते.